रविवारचं चिकन शुक्रवारच्या डब्यापर्यंत

आमच्याकडे सोमवार आणि गुरुवार पाळतात, शनिवारी आई खात नाही. त्यामुळे रविवारी केलेल्या दोन किलो चिकनला आठवड्यात तीनच वार मिळतात: मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार. दोघंही सकाळी साडेआठला बाहेर पडून रात्री आठला घरी येणार, तेव्हा आडवारी कोंबडी आणून, वाटण वाटून रस्सा करायचं बळ कुणाच्या अंगात उरत नाही. म्हणून रविवारी एकदाच करायचं आणि पुरवायचं. घरात चिकन मी करतो, तेव्हा ते नीट टिकवायची जबाबदारीही माझीच.

ही जबाबदारी मी अंगावर घेतली ती एका फजितीनंतर. मे महिना होता, कोल्हापूरहून भावंडं आली होती. रात्री तीन किलोचा तांबडा रस्सा केला, अर्धा उरला. उरलेलं मोठं पातेलं झाकण ठेवून ओट्यावरच ठेवलं, सकाळी भाकरीबरोबर खायला. लहानपणापासून घरात हेच बघितलेलं. सकाळी गॅसवर ठेवलं, कडेने वाफ यायला लागली, वास घमघमला, तसं खाली उतरवून सगळ्यांना वाढलं. त्या रात्री सहापैकी चार जण आळीपाळीने संडासात. ताप नाही, उलटी नाही, नुसता पोटात मुरडा आणि जुलाब. डॉक्टरांनी काय खाल्लं हे विचारलंच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "रात्रभर बाहेर होतं का?"

तपासणी काही केली नाही, त्यामुळे त्या पातेल्यात नेमका कोणता जंतू होता ते सांगता येणार नाही. पण अशा गोष्टीत ज्याचं नाव नेहमी पुढे येतं तो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. त्याची रीत कळली की पुढच्या सगळ्या पायऱ्या का करायच्या हे वेगळं सांगावं लागत नाही. हा जंतू बीजाणूच्या, म्हणजे टणक कवचात झोपलेल्या रूपात असतो तेव्हा साध्या उकळीने मरत नाही. रस्सा उकळताना बाकीचे जंतू मरतात, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही निघून जातो, आणि या जंतूला ऑक्सिजन नकोच असतो. मग गॅस बंद होतो, पातेलं हळूहळू कोमट होतं, बीजाणू जागे होतात. पंचेचाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास त्यांची संख्या साधारण दर दहा मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. हिशोब करून बघा: एका जंतूचे दोन तासांत चार हजारांच्या वर. आणि वरचा तर्रीचा थर, ज्यावर आपण कोल्हापूरकर फार खूश असतो, तो आतली ऊब धरून ठेवतो. तिखट आणि तेल भरपूर असलं की टिकतं, हा समज लोणच्याला लागू असेल, पातळ रश्श्याला नाही.

म्हणजे घोटाळा सहसा शिजवण्यात होत नाही, फ्रीजमध्येही होत नाही. तो होतो मधल्या तीन-चार तासांत, पातेलं ओट्यावर निवत असताना. या लेखात मी त्या तासांवरच जास्त बोलणार आहे.

आधी वारांचा हिशोब

शिजवलेलं चिकन फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस चांगलं राहतं. अमेरिकेचं कृषी खातं हाच आकडा देतं. मी तीनच धरतो, कारण आपल्या घरच्या फ्रीजचं दार दिवसातून किती वेळा उघडतं ते आपल्यालाच ठाऊक. रविवारी दुपारी केलं तर मंगळवार आणि बुधवारचं फ्रीजमध्ये. शुक्रवारचं रविवारीच फ्रीजरमध्ये. "बुधवारी उरलं तर शुक्रवारसाठी फ्रीजरमध्ये टाकू" असं करू नये. तीन दिवस फ्रीजमध्ये काढलेलं चिकन गोठवल्याने ताजं होत नाही, ज्या अवस्थेत आत गेलं त्याच अवस्थेत बाहेर येतं.

काय करायचं हेही इथेच ठरवावं. सुकं चिकन, खिमा आणि भाजलेले तुकडे उत्तम टिकतात, डब्यात सांडतही नाहीत. तांबडा रस्सा चालतो, फक्त त्यात बटाटा घालू नका. गोठवलेला बटाटा नंतर स्पंजासारखा लागतो. पांढरा रस्सा मात्र आधी करून ठेवायचा पदार्थच नाही. नारळाचं दूध लवकर आंबतं, आणि परत सणसणीत उकळी आणायला गेलं की फुटतं.

यावर माझा तोडगा असा. रविवारी सगळं चिकन एकदम मसाल्यात घालत नाही. आलं-लसूण, हळद, मीठ आणि थोडं तेल लावून अळणी, म्हणजे तिखट-मसाला न घालता, शिजवतो. त्यातलं निम्मं त्या दिवशीच्या रश्श्याला. बाकीचे तुकडे आणि ज्यात ते शिजले ते अळणी पाणी वेगवेगळ्या डब्यांत. कांदा-खोबऱ्याचं वाटण चांगलं तेल सुटेपर्यंत परतून तिसऱ्या डब्यात. मंगळवारी वाटण, कांदा-लसूण मसाला आणि अळणी एकत्र उकळलं की पंधरा मिनिटांत तांबडा रस्सा. बुधवारी तेच तुकडे मिरी टाकून तव्यावर परतले की सुकं. शुक्रवारी अळणीत ऐनवेळी नारळाचं दूध घातलं की पांढरा. चव रोज वेगळी राहते, आणि लहान-लहान डब्यांत भरलेलं असल्यामुळे निवतंही पटकन.

कच्चं असताना

कच्चं चिकन फ्रीजमध्ये एक, फार तर दोन दिवस. ठेवायचं सगळ्यात खालच्या कप्प्यात, डब्यात बंद करून. दुकानातली काळी पिशवी नुसती आत सरकवली की तिचं पाणी खालच्या कोथिंबिरीवर ठिबकतंच.

धुवावं की नाही, यावर आमच्या घरात वाद आहे. पाश्चात्त्य देशांतल्या अन्नखात्यांचा सल्ला स्पष्ट आहे: धुऊ नका, कारण नळाखाली धरलं की साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर उडतात, आणि ते शिजवण्याने तसेही मरणारच असतात. पण तिथे चिकन साफ करून पाकिटात येतं. आपल्याकडे डोळ्यांसमोर ओंडक्यावर कापलेल्या कोंबडीला रक्ताच्या गाठी, पिसांचे खुंट, हाडांचा चुरा असं सगळं असतं. मी मधला मार्ग काढलाय. आधी कांदा, कोथिंबीर, टोमॅटो चिरून बाजूला ठेवायचं. सिंक रिकामं करायचं. खोल पातेल्यात पाणी घ्यायचं, चिकन पाण्यात बुडवून हलक्या हाताने साफ करायचं, पाणी शिंतोडे न उडवता ओतायचं. नळाची धार अजिबात नाही. मग सिंक, सुरी, बोर्ड आणि हात गरम पाणी आणि साबणाने धुवायचे. ज्या घासणीने हे धुतलं ती वेगळी ठेवायची.

शिजवताना

रश्श्यात हाडासकट तुकडे वीस-पंचवीस मिनिटं खळखळ उकळले की शिजण्याची काळजी नको. धोका असतो तो तव्यावर किंवा एअरफ्रायरमध्ये केलेल्या जाड बिनहाडाच्या तुकड्यांत. बाहेरून खरपूस, आत कच्चं. जागतिक आरोग्य संघटना आतलं तापमान किमान 70 अंश हवं म्हणते, अमेरिकी खातं 74 म्हणतं. मी 74 बघतो. सुईसारखा डिजिटल थर्मामीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो. तुकड्याच्या सगळ्यात जाड भागात तो खुपसायचा, हाडाला टेकू द्यायचा नाही. हाडाजवळ गुलाबी दिसलं म्हणजे कच्चंच असं नसतं, कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग मांसात उतरतो. आणि पांढरं दिसलं म्हणजे शिजलंच असंही नसतं. आकडा बघावा.

चव बघायचा चमचा उष्टा झाला की परत पातेल्यात जाऊ देऊ नका. आजीचा उष्ट्या-खरकट्याचा नियम टिकवणीच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर होता. हाता-नाकावर राहणारा स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असाच अन्नात येतो, आणि त्याने एकदा विष तयार केलं की नंतर कितीही उकळा, विष तसंच राहतं.

गॅस बंद केल्यापासून दोन तास

आता मुख्य काम. गॅस बंद केला की घड्याळ बघा. 60 अंशांच्या खाली आणि 5 अंशांच्या वर हा जंतूंचा सुगीचा पट्टा. शिजवलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. स्वयंपाकघर 32 अंशांच्या वर तापलं असेल तर एकाच तासात. मार्च ते जूनमध्ये नागपूर, अकोला, जळगाव किंवा सोलापूरकडे राहत असाल तर तुमच्यासाठी एक तास हाच नियम. पुण्यातही मे महिन्यात मी तोच धरतो. यात जेवणाचा वेळही आला. पाहुणे गप्पा मारत बसलेत आणि पातेलं टेबलावर आहे, तोही वेळ मोजायचा.

म्हणून मी आधी पुढच्या दिवसांचं काढून घेतो आणि मग जेवायला बसतो. आईला सुरुवातीला हे फार खटकलं. माणसं बसली नाहीत आणि हा डबे भरतोय!

करायचं ते असं. झाऱ्याने तुकडे काढून मोठ्या परातीत एका थरात पसरा, ढीग नको. रस्सा किंवा अळणी पसरट डब्यांत ओता. खोली किती, तर तर्जनीची दोन पेरं, म्हणजे साधारण 5 सेंटिमीटर. चार लिटरचं उभं पातेलं मध्यभागी तासन् तास गरम राहतं. तोच रस्सा तीन पसरट डब्यांत वाटला की अर्ध्या-पाऊण तासात हात लावण्याजोगा होतो. इथे आपलं स्टील फार कामाचं. प्लास्टिक किंवा जाड काचेपेक्षा स्टीलमधून उष्णता लवकर बाहेर पडते.

घाई असेल किंवा रस्सा जास्त असेल, तर सिंकला बूच लावून किंवा मोठ्या घमेल्यात गार पाणी आणि बर्फाचे खडे घ्या, त्यात डबे ठेवा, आणि दर पाच मिनिटांनी स्वच्छ पळीने ढवळा. कडेचं गार झालेलं आत जातं, आतलं गरम कडेला येतं. ढवळलं नाही तर बर्फ निम्मा वाया. दुसरी एक युक्ती: घासून स्वच्छ केलेला स्टीलचा तांब्या बर्फाने भरून रश्श्यातच उभा करायचा, काठ वर राहील असा, म्हणजे बर्फाचं पाणी आत पडणार नाही. मोठ्या पातेल्यात असे दोन तांब्ये ठेवले की वरचा तवंग बघता बघता थिजायला लागतो. तो थिजलेला थर हवा तेवढा चमच्याने काढून टाकता येतो, हा वरचा फायदा.

पंखा सुरू ठेवा. वर जाळी ठेवा, घट्ट झाकण नको, वाफ अडते आणि झाकणावरचं पाणी परत आत गळतं.

वाफ थांबली आणि डब्याचा तळ तळहातावर सहज धरता आला की फ्रीजमध्ये टाका. पूर्ण गार व्हायची वाट बघू नका. "गरम ठेवलं तर फ्रीज बिघडतो" हे मीही ऐकत मोठा झालो. पाच लिटरचं वाफाळतं पातेलं आत ढकललं तर शेजारचं दूध तापेल, जुन्या एकदारी फ्रीजमध्ये बर्फ जास्त साठेल, हे खरं. पण कोमट झालेले दोन-तीन पसरट डबे कोणताही धडका फ्रीज पेलतो. पहिला तासभर झाकण किंचित उघडं ठेवा, डबे एकमेकांवर रचू नका, मध्ये हवेला वाट सोडा. तासाभराने झाकण घट्ट लावा.

कुकरबद्दल एक सूचना. कुकरमध्ये चिकन शिजवलं आणि झाकण न उघडता तसाच रात्रभर ठेवला तर आत हवा जात नाही म्हणून सुरक्षित, असं काहीजण मानतात. ज्या जंतूला हवा नको असते त्याच्यासाठी तो बंद, कोमट कुकर म्हणजे आयतं घर. प्रेशर गेलं की उघडा आणि पसरवा.

फ्रीजमध्ये

फ्रीजच्या चकतीवरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. बहुतेक फ्रीजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त गार. खरं तापमान बघायचं तर पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून पेला रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. 5 किंवा त्याहून कमी हवं. माझा पहिल्यांदा बघितला तेव्हा 9 दाखवत होता, आणि मी त्या फ्रीजवर वर्षभर विसंबून होतो. दाराचं रबर सैल झालं होतं. दारात कागद अडकवून ओढून बघा, सहज निघून आला तर रबर बदलायची वेळ झालीय.

चिकनचे डबे दाराच्या कप्प्यात ठेवू नका, तो सगळ्यात उबदार भाग. आत, मागच्या बाजूला ठेवा. शिजवलेलं वर, कच्चं खाली. ज्या घरांत सामिषाचे डबे आणि कप्पा वेगळा असतो त्यांचं निम्मं काम आधीच झालेलं. आमच्याकडे आईने सोमवार-गुरुवारसाठी केलेली ती सोय मला भलतीच उपयोगी पडते.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं. चिंच, कोकम किंवा टोमॅटो घातलेला रस्सा ॲल्युमिनियममध्ये, किंवा कल्हई गेलेल्या पितळेत ठेवू नका. एका डब्यात एका जेवणाचंच भरा, म्हणजे एकच डबा रोज काढ-घाल होत नाही. आणि प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून वार लिहा. "लक्षात राहील" असं वाटतं, बुधवारी राहत नाही.

गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसं किंवा केमोथेरपीसारखे उपचार चालू असलेलं कुणी घरात असेल तर मुदतीचा शेवटचा दिवस त्यांच्या ताटात येऊ देऊ नका, आणि गार चिकन सॅलडमध्ये घालून देऊ नका. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो.

फ्रीजरमध्ये

उणे 18 अंशांना जंतूंची वाढ थांबते. ते मरत नाहीत, झोपतात. त्यामुळे सुरक्षिततेच्या दृष्टीने चिकन महिनोन्‌महिने राहू शकतं, चव मात्र उतरते: सुके तुकडे दोन-तीन महिन्यांत कोरडे पडायला लागतात, रश्श्यात बुडालेले चार महिने चांगले राहतात. फ्रीजर तेवढा गार आहे का, हे आइस्क्रीमवरून कळतं. आइस्क्रीम दगडासारखं राहत असेल तर ठीक. मऊ, चमच्याने सहज निघणारं असेल तर त्या फ्रीजरवर आठवडाभरापेक्षा जास्त भरवसा ठेवू नका. जुन्या एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याचं बहुधा असंच असतं.

आधी फ्रीजमध्ये पूर्ण गार करा, मग फ्रीजरमध्ये. झिपच्या जाड पिशवीत एका जेवणाचं भरा, हवा दाबून काढा, आणि पिशवी ताटावर आडवी ठेवून पाटीसारखी सपाट गोठवा. सपाट पिशवी लवकर गोठते, लवकर सुटते आणि वहीसारखी उभी रचता येते. डब्यात रस्सा भरत असाल तर वर बोटभर जागा सोडा; पाणी गोठताना फुगतं आणि काचेच्या बरण्या तडकतात.

सोडवायचं ते आदल्या रात्री फ्रीजरमधून फ्रीजमध्ये ठेवून. विसरलात तर पिशवी घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला, आणि सुटल्याबरोबर गरम करायला घ्या. रश्श्याची सपाट पिशवी असेल तर तीही खटपट नको: पिशवी कापून गोठलेला पत्राच कढईत टाकायचा, अर्धी वाटी पाणी घालायचं, मंद आचेवर झाकण ठेवायचं. सकाळी ओट्यावर ठेवून ऑफिसला निघून जायचं, हे मात्र करू नका. संध्याकाळपर्यंत बाहेरचा भाग तासन् तास खोलीच्या तापमानाला असतो.

गरम करताना

त्या मे महिन्यातली माझी दुसरी चूक ही होती. कडेने वाफ आली म्हणजे गरम झालं, असं नसतं. पातेलं मोठं, रस्सा दाट; कडा उकळतात आणि मधला भाग कोमटच. रश्श्याला मधोमध खळखळ उकळी येऊ द्या, तळापासून ढवळा, आणि आणखी दोन-तीन मिनिटं उकळू द्या. सुक्याला पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून, एखादा मोठा तुकडा फोडून आतली वाफ बघा. थर्मामीटर असेल तर परत 74.

मायक्रोवेव्हमध्ये तुकडे थाळीच्या कडेने मांडा, मध्य रिकामा सोडा, वर झाकण ठेवा, निम्म्या वेळात थांबून उलटापालट करा, आणि संपल्यावर दोन मिनिटं तसंच राहू द्या. मायक्रोवेव्ह एकसारखं तापवत नाही. एकाच ताटात जीभ भाजणारा आणि गार तुकडा शेजारी-शेजारी असतात.

जेवढं खायचं तेवढंच काढून गरम करा, आणि एकदाच. परत उरलं तर ते परत फ्रीजमध्ये नाही. रविवारचा उरलेला रस्सा मंगळवारच्या रश्श्यात मिसळणं तर मुळीच नाही. मग मुदत कशी मोजणार?

फ्रीज नव्हते तेव्हा लोक सकाळ-संध्याकाळ रस्सा उकळून दोन दिवस पुरवायचे, हे मला आईने अनेकदा ऐकवलंय. पुरवायचेच. पोटं बिघडली तर "ऊन बाधलं" म्हणायचे, हेही तिनेच सांगितलं.

डबा

सकाळी आठला भरलेला डबा एकला उघडतो, म्हणजे पाच तास. सकाळी गरम करून साध्या स्टीलच्या डब्यात भरलेलं चिकन तासाभरात कोमट होतं आणि जेवेपर्यंत कोमटच राहतं. याहून वाईट पर्याय नाही, आणि आपण बहुतेकजण नेमका हाच निवडतो. त्यापेक्षा फ्रीजमधून काढलेला गारच डबा बर्फाच्या पॅकसकट थंड राहणाऱ्या पिशवीत न्या, ऑफिसला पोचताच तिथल्या फ्रीजमध्ये ठेवा, दुपारी मायक्रोवेव्हमध्ये कडकडीत करा. ऑफिसात फ्रीज नसेल तर थर्मासचा डबा: त्यात आधी उकळतं पाणी दहा मिनिटं भरून ठेवा, ते ओतून टाका, आणि उकळता रस्सा काठोकाठ भरा. एका सुट्टीच्या दिवशी घरीच प्रयोग करा, पाच तासांनी उघडून थर्मामीटर लावा. 60 च्या वर असेल तर तो डबा कामाचा. आमच्या दोनपैकी एक नापास झाला. तो आता ताक न्यायला वापरतो.

बिर्याणी

बिर्याणीत चिकनपेक्षा भात जास्त दगा देतो. तांदळातल्या बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही उरतात, आणि कोमट भातात तो जे विष करतो त्यातलं एक उकळून जात नाही. दम दिलेलं पातेलं तर उष्णता धरून ठेवण्यासाठीच लावलेलं असतं. जेवण झाल्यावर उरलेली बिर्याणी परातीत पसरा, तासाभरात फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. आठवडाभराच्या बेतात मी बिर्याणी धरतच नाही.

वीज गेली तर

दार उघडलं नाही तर फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो. भरलेला फ्रीजर 48 तास, अर्धा भरलेला 24 तास. आत काय आहे ते सारखं उघडून बघण्यानेच जास्त नुकसान होतं. गावाला जाताना फ्रीजरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर बर्फ वितळला नव्हता; तळाशी गोठलेलं सापडलं तर मागे कधीतरी सगळं सुटून परत गोठलंय, आणि फ्रीजरमधलं चिकन गेलं.

टाकायचं कधी

वास आला, बुळबुळीत झालं, फेस आला तर प्रश्नच नाही. अवघड जातं ते वास चांगला येत असताना टाकणं. आजारी पाडणारे जंतू वास, रंग किंवा चव बदलतीलच असं नाही. आमचा तो रस्सा सुरेख लागला होता. म्हणून रात्रभर बाहेर राहिलेलं, मुदत उलटलेलं आणि कधीचं ते आठवत नसलेलं, तिन्ही चाखून न बघता टाकायचं. आपण खाणार नाही ते घरकामाच्या मावशींना बांधून देऊ नका. त्यांचं पोटही पोटच आहे. कुत्र्या-मांजरांनाही शिजलेली हाडं नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होऊन घशात, आतड्यात टोचतात.

आणि एवढं करूनही पोट बिघडलंच, तर ओआरएस सुरू करा. जुलाबात रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणं, पाणीही न टिकणं, किंवा आजारी पडलेलं माणूस तान्हं, म्हातारं किंवा गरोदर असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरकडे जा. काय खाल्लं आणि ते किती वेळ बाहेर होतं, दोन्ही आठवून सांगा.